विचारलं असतंस तर

मिरजेतल्या एका रुग्णालयाचा स्त्री मेडिकल वॉर्ड, सकाळचे साडेदहा. राउंड नुकताच संपलेला, फरशी पुसून झाल्यामुळे फिनेलचा वास अजून ओला आणि खिडकीशी नातेवाइकांच्या डब्यांतून भाकरी-पिठल्याचा वास येतोय. जत भागातून आलेली साठीच्या पुढची एक बाई नऊ नंबरच्या कॉटवर होती. रात्रीपासून छातीत जळजळ. डॉक्टरांनी ईसीजी सांगितला, सिस्टर दुसऱ्या पेशंटला रक्त लावत होत्या, म्हणून मशीनची ट्रॉली घेऊन नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा गेला. नवऱ्याचं नाव विचारल्यावर लाजून लेकीकडे बघणाऱ्या पिढीतली ही बाई. त्याने पदर थोडा बाजूला केला, ब्लाउजची वरची दोन हुकं काढली आणि नजर मशीनवर ठेवून वरूनच हात घालून छातीचे सहा रबरी फुगे जमेल तिथे चिकटवले. दोन मिनिटांत पट्टी निघाली. ती बघून रेसिडेंट डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली, आयसीयूत फोन गेला, लेकीने रडायला सुरुवात केली. मग इन्चार्ज सिस्टर आल्या. त्यांनी पडदा ओढला, बाईंशी काहीतरी बोलल्या आणि त्याच मशीनवर पुन्हा ईसीजी काढला. दुसरी पट्टी जवळजवळ ठीक होती. सिस्टरांनी पहिल्या कागदावर रेघ मारली आणि वर 'रिपीट' लिहिलं. पडदा उघडला तेव्हा बाई लेकीला सांगत होती, "त्या पोरानं मला इचारलंच न्हाई. इचारलं असतं तर मीच सोडली असती की हुकं."

शेजारच्या कॉटपाशी मी उभी होते. ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही.

कारण तो मुलगा निष्काळजी नव्हता. उलट त्या वॉर्डातल्या सगळ्यांत सभ्य पोरांपैकी तो एक, आणि त्या सभ्यपणामुळेच ईसीजी बिघडला. छातीवरच्या लीड, म्हणजे मशीनच्या तारांचे हे फुगे, अंदाजाने लावायच्या नसतात, त्यांची जागा बोटांनी मोजून काढायची असते. गळ्याच्या खळगीतून बोट खाली सरकवत आणलं की छातीच्या मधल्या हाडावर एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या शेजारची फासळी दुसरी, तिच्याखालची फट दुसरी. तिथून दोन फटी खाली उतरलं की चौथी. या चौथ्या फटीत हाडाच्या उजव्या कडेला व्ही-वन, डाव्या कडेला व्ही-टू. व्ही-फोर पाचव्या फटीत, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यापासून सरळ खाली. व्ही-थ्री हा व्ही-टू आणि व्ही-फोरच्या मध्ये. व्ही-फाइव्ह आणि व्ही-सिक्स व्ही-फोरच्याच आडव्या रेषेत, काखेकडे. बाईच्या बाबतीत व्ही-फोरची जागा बहुतेक वेळा स्तनाच्या खाली येते. वरची दोन हुकं काढून तिथवर हात पोचतच नाही. मग व्ही-वन आणि व्ही-टू एक-दोन फटी वर लागतात, व्ही-फोर स्तनावर बसतो, आणि व्ही-वनपासून व्ही-फोरपर्यंत जी आर लाट, म्हणजे पट्टीवरचा वर जाणारा सुळका, पायरीपायरीने वाढायला हवी ती बुटकीच राहते. कागदावर ते चित्र हृदयाच्या पुढच्या भागाला कधीतरी झटका येऊन गेल्यासारखं दिसतं. मशीनला यातलं काही कळत नाही. त्याला दिलेल्या जागेवरून जे ऐकू येतं तेच मशीन प्रामाणिकपणे छापतं. डॉक्टर कागद वाचतात. लेक रडते.

म्हणजे पोराच्या लाजेची मोजणी मिलिमीटरमध्ये होऊन ती कागदावर उतरली.

आम्ही हे शिकवत नाही असं नाही. प्रॅक्टिकल लॅबमध्ये डमी असते, तिच्या छातीवर फासळ्या मोजून सगळी पोरं बरोबर लीड लावतात. पण डमीला ब्लाउज नसतो, पदर नसतो, हिरव्या बांगड्या आणि काळी पोत नसते, शेजारी उभा असलेला तिचा दीर नसतो. चेकलिस्टमध्ये पहिल्याच ओळीला 'रुग्णास प्रक्रिया समजावून सांगणे' असतं, त्याला एक मार्क, आणि मुलं ते वाक्य प्लॅस्टिकच्या डोळ्यांकडे बघत पाठ म्हणतात. वॉर्डात हेच वाक्य कामाचं नसतं. जतच्या आजींना "मी आता आपली ईसीजी प्रक्रिया करणार आहे" म्हटलं तर त्या घाबरतील. त्यांना कळेल असं बोलायचं तर असं: "आजी, तुमच्या काळजाची पट्टी काढायची आहे. करंट वगैरे काही बसत नाही, दुखत नाही. छातीला सहा ठिकाणी फुगे लावावे लागतात, त्यातले तीन डाव्या बाजूला खाली येतात. हुकं तुम्ही सोडा, वरून चादर घालून घेऊ. मी लावू, का सिस्टरला बोलावू?" या शेवटच्या प्रश्नाला घाबरायचं कारण नाही. बरीच मुलं तो प्रश्न टाळतात, कारण उत्तर 'सिस्टरला बोलाव' येईल आणि आपली केस जाईल असं त्यांना वाटतं. काही वेळा येतंही. मग सिस्टरला बोलवावं, त्यात कमीपणा नाही. पण मनापासून विचारलं तर बहुतेक बायका म्हणतात, "लाव की बाबा, तू काय परका हाईस का."

बारकावे आणखी आहेत, आणि ते इथल्याच घरांत वाढलेल्या मुलाला सांगावे लागू नयेत, तरी सांगावे लागतात. मनगटाला चिमटा लावायचा तर बांगड्या आड येतात. तिथे "बांगड्या काढा" म्हणायचं नाही, सवाष्ण बाईला ते वाक्य लागतं. "बांगड्या जरा वर सरकवा" म्हणायचं, काम तेवढंच होतं. मंगळसूत्र काढायला लावायचं नाही, खांद्यावरून मागे टाकायला सांगायचं. लाल चिमटा उजव्या हाताला, पिवळा डाव्या हाताला, हिरवा डाव्या पायाला, काळा उजव्या पायाला. हातांचे चिमटे उलटे लागले की पहिलीच लीड उलटी छापली जाते, ती चूक निदान लगेच दिसते तरी. पडदा ओढायचा, पण पडद्याआड एकटं जायचं नाही. वॉर्डातली मावशी, विद्यार्थिनी किंवा पेशंटची लेक, कुणीतरी बाई आत हवी. हा नियम बाईच्या रक्षणासाठी आहे तसाच मुलाच्याही. स्तन बाजूला घ्यावा लागला तर तो बाईने स्वतःच्या हाताने घ्यायचा, तिला जमत नसेल तर आपण हाताच्या पाठीने, तळव्याने नाही. हात आधी चोळून गरम करायचे. जेली गार असते, लावण्याआधी सांगायचं, नाहीतर पेशंट दचकते आणि पट्टीवर थरथर छापली जाते. नर्सिंगच्या पुस्तकात यातलं अर्धं असतं. उरलेलं चांगली सिस्टर करताना बघून शिकावं लागतं, आणि पडद्याआडच्या नेमक्या याच कामांच्या वेळी मुलाला बाहेर पाठवलेलं असतं.

हाका मारायच्या शब्दांचाही यात मोठा हात आहे. 'सिस्टर' हा शब्द आपल्याकडे इतका मुरला की तो आता जवळजवळ नात्याचाच झाला. पलूसचा सत्तर वर्षांचा शेतकरी एकवीस वर्षांच्या पोरीला "ओ सिस्टर" म्हणतो तेव्हा त्या शब्दात ताई असते, लेक असते, थोडी आईसुद्धा असते. वॉर्डात मावशी आहेत, मामा आहेत. पुरुष नर्ससाठीचा 'ब्रदर' मात्र अजून परकाच. पेशंट तो शब्द सहसा उच्चारत नाहीत. ते मुलाला 'डॉक्टर' म्हणतात, 'कंपाउंडर' म्हणतात, 'ओ पोरा' म्हणतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शाळा काढली ती बायकांसाठी. त्याआधी क्रिमियाच्या युद्धातल्या लष्करी इस्पितळांत सैनिकांची उसाबर पुरुष ऑर्डर्लीच करत होते. सेवा करणारा पुरुष नवा नाही, त्याच्यासाठी नातं मात्र अजून कुणी ठरवलेलं नाही. आणि आपल्याकडे परक्याला अंगाला हात लावू द्यायचा तर आधी त्याला कुठल्यातरी नात्यात बसवावं लागतं.

'डॉक्टर' म्हणवून घेण्यात मोठा धोका आहे. मुलाने पांढरा एप्रन घातलेला, गळ्यात स्टेथोस्कोप, नातेवाइकांची चूक होणारच. पहिल्या वर्षाच्या मुलाला ऐकायला बरंही वाटतं, आणि तो गप्प राहतो. मग ऑपरेशनच्या सकाळी पेशंटचा मुलगा विचारतो, "डॉक्टर, यांना घोटभर चहा दिला तर चालेल का?" मुलाचं लक्ष दुसरीकडे, तो "विचारून सांगतो" म्हणतो, समोरच्याला मान हललेली दिसते. चहा पोटात जातो. दुधाचा चहा पोटातून उतरायला सहा तास धरतात. ऑपरेशन पुढे ढकललं जातं, आणि नातेवाईक शपथेवर सांगतात की डॉक्टरांनीच हो म्हटलं. म्हणून पहिल्या हाकेलाच दुरुस्ती करायची, हसून पण स्पष्ट: "मी डॉक्टर नाही, नर्सिंगचा विद्यार्थी आहे. ब्रदर म्हणा, नाहीतर नावाने हाक मारा." बॅज खिशाच्या आत नाही, बाहेर.

मुलाला वॉर्डात सगळ्यांत जास्त ऐकू येणारं वाक्य तर वेगळंच आहे. "अरे, एक मुलगा पाठवा, पेशंट उचलायचाय." एका मुलाला मी अंथरुणातली आंघोळ घालताना बघत होते. पाणी ४३ ते ४६ अंशांपर्यंत गरम हवं, कोपर बुडवून बघितलेलं. डोळे आधी, साबण न लावता, नाकाकडून कानाकडे पुसायचे, प्रत्येक डोळ्याला टॉवेलचा नवा कोपरा. मग चेहरा, मान, लांबचा हात, जवळचा हात, मनगटाकडून खांद्याकडे. जो भाग पुसायचा तेवढाच उघडा, बाकी झाकलेलं. त्याचा पहिला हात पुसून होतो न होतो तोच हाक आली. परत आला, छाती पुसायला घेतली, पुन्हा हाक. स्ट्रेचर, ऑक्सिजनचा सिलेंडर, एक्स-रेला न्यायचा पेशंट. तिसऱ्यांदा परत आला तेव्हा भांड्यातलं पाणी गार झालं होतं आणि साबणाची साय वर धरली होती. म्हाताऱ्या पेशंटने अर्धं ओलं अंग चादरीत गुंडाळून घेतलं होतं. मुलाने पाणी बदलून आणलं आणि पाठीपासून पुन्हा सुरू केलं, याचं मला फार कौतुक वाटलं. पण त्याच्या वर्गातल्या मुलींच्या तीन आंघोळी होईपर्यंत त्याची एक झाली होती. तीन वर्षांत हा हिशेब कुठे जातो ते कुणी बघत नाही. मुलगा म्हणून त्याच्या ताकदीचं काम होतं, हातांचं शिकणं राहून जातं.

बरं, उचलणं हेही ताकदीचं काम नाहीच. एकट्याने काखेत हात घालून पेशंटला वर ओढला की पेशंटच्या माकडहाडापाशी कातडी चादरीवर घासून आतल्या आत फाटते, दोन दिवसांत तिथे लाल चट्टा, आठवड्यात बेडसोर. ओढणाऱ्याची कंबर जाते ती वेगळीच. खांद्यापासून मांडीपर्यंत आडवी घडीची चादर घालायची, दोन्ही बाजूंना दोन-दोन माणसं, चादरीची कड अंगाजवळ गुंडाळून घट्ट धरायची. पेशंटचे हात छातीवर, हनुवटी छातीकडे. आपला एक पाय पुढे, गुडघ्यात वाक, कंबरेत नाही. डोक्याकडच्याने मोजायचं आणि 'तीन'ला सगळ्यांनी एकदम. हे चार मुलींनाही जमतं. कीटकनाशक प्यायलेला पेशंट अॅट्रोपिन या उताऱ्याच्या औषधावर बेभान होऊन नळ्या उपसायला लागला की पुन्हा मुलालाच हाक जाते. तिथेही जोर कमी आणि अक्कल जास्त लागते. डॉक्टरांची लेखी ऑर्डर घ्यायची, मनगटाला आधी कापसाची गादी, त्यावर पट्टी, आत दोन बोटं सहज जातील इतकी सैल, गाठ एका ओढीत सुटणारी, आणि ती कॉटच्या चौकटीला, वर-खाली होणाऱ्या कठड्याला कधीच नाही. दर दोन तासांनी सोडून बोटांचा रंग बघायचा. अशा वेळी त्या पेशंटच्या कानाशी नुसतं नाव घेऊन शांतपणे बोलत राहणारी मुलं मी पाहिली आहेत. ही तालीम त्यांना कुणी दिलेली नसते.

पुरुष सर्जिकल वॉर्डात गेलं की चित्र उलटं होतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. प्रोस्टेटमुळे लघवी अडलेले म्हातारे रांगेने असतात. कॅथेटर घालणं मुलींनाही शिकायचंच असतं आणि त्या शिकतात. चौदा किंवा सोळा नंबरची नळी, आधी बधिर करणाऱ्या लिग्नोकेनची जेली आत सोडून तीन ते पाच मिनिटं थांबायचं, घाई करायची नाही. लिंग सरळ वर धरायचं, अडलं की जोर न लावता पेशंटला लांब श्वास घ्यायला सांगायचं, नळी तिच्या फाट्यापर्यंत आत जाऊ द्यायची, लघवी येताना दिसल्याशिवाय नळीच्या टोकाचा फुगा फुगवायचा नाही. फुग्यात दहा मिली निर्जंतुक पाणी. आणि शेवटी मागे घेतलेली कातडी आठवणीने पुढे आणायची. ती मागेच राहिली तर काही तासांत सूज येऊन नवीनच संकट उभं राहतं. त्या म्हाताऱ्यालाही लाज वाटते. तो भिंतीकडे तोंड करतो, डोळ्यांवर टॉवेल घेतो. पण त्याच्या लाजेला आपण लाज म्हणत नाही, 'सिस्टरच आहे' म्हणून तो विषय संपवतो. दाराशी उभा असलेला मुलगा हे बघतो. खरं तर त्याच्या वर्गातल्या मुलीने इथे जे बळ मिळवलं तेच त्याला स्त्री वॉर्डात हवं असतं, आणि ती त्याला ते सांगू शकेल. हे दोघं एकमेकांशी या विषयावर बोलले तर किती बरं होईल.

लेबर रूमची गोष्ट अवघड आहे, तिथे माझंही मन एका बाजूला ठरत नाही. केसबुकात ठरावीक नॉर्मल डिलिव्हरी हव्या असतात. मुली दोन महिन्यांत पुऱ्या करतात, मुलं दाराबाहेर हातमोजे घालून उभी. नातेवाइकांत सासू असते, ती एक नजर टाकते आणि मुलगा आपणच मागे सरतो. कळा देणाऱ्या बाईला त्या क्षणी नवीन माणूस नको वाटला तर तो तिचा हक्क आहे, त्यावर वाद नाही. पण त्याच खोलीत पुरुष डॉक्टर येतात तेव्हा त्यांना कुणी अडवत नाही, मग शिकाऊ ब्रदरच का खटकतो हा प्रश्न मला सोडत नाही. ज्या सिस्टर यातून वाट काढतात त्या फार साधं काहीतरी करतात. कळांच्या खोलीत नाही, आधी तपासणीच्या ओपीडीत त्या मुलाची आणि बाईची ओळख करून देतात. "हा आपला विद्यार्थी, पोट तपासेल, मी इथेच आहे." मुलगा तिला लघवी करून यायला सांगतो, गुडघे दुमडून झोपवतो, हात गरम करतो, डाव्या हाताच्या करंगळीच्या कडेने वरून खाली येत गर्भाशयाचा माथा शोधतो, बाळाचे ठोके सापडले की आधी तिला ऐकवतो. पुढे दिवस भरल्यावर ती आली की तो तिच्यासाठी परका नसतो. सगळ्यांच्या बाबतीत हे जमत नाही. रात्री अडीचला आटपाडीहून रुग्णवाहिकेतून आलेल्या बाईची ओळख कुठून करून द्यायची.

घरचंही थोडं सांगायला हवं. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिशन रुग्णालय सुरू केलं तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव. इथून चार-सहा घरांआड एक तरी माणूस या कामात असतो. तरीही मुलगा नर्सिंगला आहे हे सांगताना वडील "मेडिकल लाइनला आहे" म्हणतात, आणि लग्नाच्या बोलणीत "हॉस्पिटलला आहे" एवढंच. मुलगा ते ऐकून घेतो. नोकरीच्या वेळी एम्ससारख्या संस्थेत नर्सिंग ऑफिसरच्या ८० टक्के जागा स्त्रियांना आणि २० टक्के पुरुषांना, हेही तो पहिल्या वर्षापासून जाणतो. स्त्री पेशंटला स्त्री नर्स मिळावी हे मला पटतं. पण निम्मे पेशंट पुरुष आहेत, त्यांचीही भिंतीकडे फिरलेली तोंडं मला दिसतात.

त्या सकाळची गोष्ट तिथे संपली नव्हती. छातीत दुखणाऱ्या पेशंटचा ईसीजी एकदा ठीक आला म्हणून सोडत नाहीत, काही तासांनी पुन्हा काढतात. दुपारी साडेचारला नऊ नंबरचा ईसीजी पुन्हा होता. इन्चार्ज सिस्टरांनी ट्रॉली त्याच मुलाकडे सरकवली आणि एका विद्यार्थिनीला म्हणाल्या, "तू नुसती आत उभी राहा. हात लावू नकोस." मुलाने पडदा ओढला. आतून पहिल्यांदा काहीच ऐकू आलं नाही, मग त्याचा आवाज आला, जरा जास्तच मोठा, "आजी, सकाळी मी विचारलं नाही. आता विचारतो. खाली पाच बोटांवर लावावं लागतंय. तुम्ही सोडता का हुकं?" बांगड्या वर सरकल्याचा आवाज आला. सिस्टरांनी सकाळी पेनने छातीवर सहा ठिपके करून ठेवले होते, पुढची प्रत्येक पट्टी त्याच जागांवरून निघावी म्हणून. त्याने त्यांवर सरळ फुगे लावले असते तरी चाललं असतं. पण पडद्याच्या फटीतून दिसलं, तो गळ्याच्या खळगीपासून मोजत येत होता. उंचवटा, दुसरी फट, तिसरी, चौथी. आजींनी स्वतःच्या हाताने जागा करून दिली होती. बोट निळ्या ठिपक्यावर आलं तसा तो थांबला.

"गार हाय रं," आजी म्हणाल्या.

"सांगायचं राहिलं," तो म्हणाला, आणि दुसरा फुगा लावण्याआधी जेलीचं बोट त्याने तळहातावर चोळून घेतलं.